ल्यूटची जवारी बोटात असते

तानपुरा जुळवताना शेवटचं काम दोऱ्याचं असतं. चारही तारा सुरात आलेल्या असतात, तरी आवाज बंद खोलीतून आल्यासारखा वाटतो. मग घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तार यांच्या मधला सुती दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा. एका जागी तार एकदम फुलते, आस म्हणजे छेडल्यावर रेंगाळणारा नाद लांबते आणि खर्जाच्या पोटातून गांधार ऐकू यायला लागतो. जवारी लागली, असं आपण म्हणतो. ती नीट लागलेली असली की छेडणाऱ्याचं बोट थोडं इकडेतिकडे झालं तरी निभतं. घोडी सांभाळून घेते.

ल्यूटची घोडी काहीच सांभाळून घेत नाही. तिला तार सरळ गाठ मारून बांधलेली असते. सतारीसारखा रुंद, उतरता माथा नाही, दोरा नाही, आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारा नाहीत. तारेतून जे बाहेर येतं ते उजव्या हाताच्या बोटाने आत घातलेलं असतं, तेवढंच. बारा वर्षं सतार वाजवल्यावर मी ल्यूट हातात घेतलं तेव्हा डावा हात महिन्याभरात रुळला. उजव्या हाताला दोन वर्षं लागली. सुरुवातीचे कित्येक आठवडे माझ्या ल्यूटमधून पत्र्याच्या डब्यावर नख मारल्यासारखा आवाज येत होता, आणि वाद्य सदोष असावं असंच मला वाटत होतं. वाद्य उत्तम होतं. मी त्याच्याकडून जवारीची अपेक्षा करत होते आणि ती माझ्याच बोटात तयार व्हायची होती. हा लेख त्या बोटाबद्दल आहे.

आधी वाद्याची ओळख. ल्यूट म्हणजे युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात घरोघरी, दरबारोदरबारी वाजलेलं तंतुवाद्य. पाठ लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली, उभ्या चिरलेल्या पपईसारखी फुगीर. पुढची तबली स्प्रूसच्या लाकडाची, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यातच कोरलेली नक्षीदार जाळी. खुंट्यांचा भाग जवळजवळ काटकोनात मागे मोडलेला. पडदे धातूचे नाहीत. मानेभोवती आतड्याची तार गुंडाळून गाठ मारली की झाला पडदा. तारासुद्धा मुळात मेंढीच्या आतड्याच्या, आणि सगळ्यात बारीक तार सोडली तर बाकीच्या सहसा जोडीजोडीने. माझ्याकडचं ल्यूट आठ जोड्यांचं आहे. सगळं मिळून वजन एक किलोलाही पोचत नाही. प्रत्येक तारेवर साधारण तीन ते चार किलोचाच ताण असतो, क्लासिकल गिटारवर त्याच्या दुप्पट. हा हलकेपणा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

हे नाव अरबी ‘अल-ऊद’वरून आलं. ऊद म्हणजे लाकूड. अरबस्तानातून स्पेनमार्गे हे वाद्य युरोपात गेलं. त्याच अरबस्तानातली गलबतं शतकानुशतकं चौल, दाभोळच्या बंदरात लागत होती, त्यामुळे मला हे वाद्य इथे परकं वाटत नाही.

आता तारेकडे वळू. एक तार म्हणजे एकच स्वर, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी हलत असते. पूर्ण लांबीत हलते तो मूळ स्वर. त्याच क्षणी ती दोन भागांत हलते, तीन भागांत, चार, पाच, सहा, आणि प्रत्येक विभागणीचा वेगळा, वरचा स्वर त्यात मिसळलेला असतो. संगीताच्या परीक्षेत आपण यांना सहायक नाद म्हणून पाठ करतो. मूळ स्वर षड्ज धरला तर दोन भागांचा वरचा षड्ज, तीन भागांचा पंचम, पाच भागांचा गांधार. तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गांधार तो हाच. कोणता सहायक नाद किती, यावरून नादाची जाती ठरते. एकाच सुरात लावलेली सतार आणि सारंगी डोळे मिटूनही ओळखता येतात त्या यामुळेच.

तार कुठे छेडली यावर हे मिश्रण अवलंबून असतं. कारण सोपं आहे. तार पाच भागांत हलते तेव्हा त्या भागांच्या सांध्यांवर ती स्थिर असते. त्या स्थिर राहायच्या जागेवरच बोट लावून तिला ओढलं, तर ती विभागणी सुरू होणारच कशी? म्हणजे साठ सेंटिमीटर लांबीची तार घोडीपासून बरोबर बारा सेंटिमीटरवर छेडली तर गांधार गायब. पंधरावर छेडली तर चौथा नाद गायब. मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम नाद जातात आणि आवाज पोकळ, बासरीच्या अंगाचा होतो. घोडीच्या अगदी जवळ गेलात तर बहुतेक सगळे वरचे नाद राहतात, खालचे मात्र अशक्त होतात, आणि आवाज धारदार, किंचित नाकात येतो. थॉमस यंग यांनी हा नियम १८०० साली मांडला.

मग तानपुऱ्याची तार आपण जवळजवळ मधोमध छेडतो, तरी तिच्यात सगळे नाद कसे? हा प्रश्न सी. व्ही. रामन यांना पडला होता. वीणा आणि तानपुरा यांच्याकडे पाहून त्यांनी १९२१ साली दाखवलं की ही वाद्यं यंगचा नियम पाळतच नाहीत. ज्या जागी छेडल्यावर जो नाद मरायला हवा, तो तिथेही खणखणीत ऐकू येतो, कारण घोडीच्या उतरत्या माथ्यावर तार दर हेलकाव्याला घासत, टेकत, सुटत राहते आणि हरवलेले नाद पुन्हा जागे करते. मला हे वाचून माझ्या दोन वर्षांचं कोडं सुटल्यासारखं झालं. सतार वाजवणाऱ्याच्या हाताला छेडण्याची जागा मोजायची सवयच नसते, कारण त्याचं काम घोडी करते. ल्यूट नियम तंतोतंत पाळतं. दोन सेंटिमीटर हात सरकला की आवाजाचा रंग बदलला.

जागेनंतर प्रश्न येतो तो तारेला नेमकं काय लागतं याचा. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. तिच्यावर गादीची गुंडाळी टाकली तर दोरी गोलसर वाकते. त्याच दोरीला हँगरचा आकडा अडकवून खाली ओढला तर टोकदार कोन होतो. छेडण्याआधी तारेचं अगदी हेच होतं. बोटाच्या मऊ मांसाने ओढलेली तार गोल वाकते, नखाने किंवा नखीने ओढलेली टोकदार. जितका कोन तीक्ष्ण तितके वरचे, बारीक नाद अधिक, आणि गोल वाकलेल्या तारेत ते जवळजवळ नसतातच. आवाज गोड की कडक याचा अर्धा निकाल तार सुटण्याच्या आधीच लागलेला असतो.

कोकणात हा प्रयोग करायला काही विकत आणावं लागत नाही. सरोद ज्याने वाजवतात तो जवा परंपरेने नारळाच्या करवंटीचा असतो. मीही एक जुनाट, काळी पडलेली करवंटी घेतली, करवतीने त्रिकोणी तुकडा काढला, कानसेने कड उतरवली आणि काचपेपरने इतकी घोटली की गालावरून फिरवली तरी बोचू नये. मग सतारीची एकच तार, एकाच जागी, तीन तऱ्हांनी छेडली: आधी बोटाच्या पेराने, मग वाढलेल्या नखाने, मग करवंटीने. पेराचा आवाज वाटोळा. नखाचा उजळ, पण सुरुवातीला एक बारीक ‘टक’. करवंटीचा तिन्हींत ठणठणीत. मग करवंटीची कड थोडी आणखी गोल केली, आणि तो ठणठणाट लगेच अर्ध्याने उतरला. धार किती बोथट यावर किती अवलंबून आहे ते हातातल्या कानसेनेच समजतं. वाचून ते इतकं पटत नाही, म्हणून शक्य असेल त्याने हे करून पाहावं.

नख की मांस, हा वाद ल्यूट वाजवणाऱ्यांत चारशे वर्षं जुना आहे. इटलीत आलेसांद्रो पिच्चिनीनी १६२३ च्या आपल्या ग्रंथात नखांच्या बाजूने लिहितात. इंग्लंडात थॉमस मेस १६७६ मध्ये नखांना ठाम विरोध करतात. बोटाच्या टोकाच्या मांसातून जो गोडवा निघतो तो नखाला जमणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अठराव्या शतकातले थोर ल्यूटवादक सिल्वियस लिओपोल्ड वाइस यांनी १७२३ च्या एका पत्रात यातली गोम सांगितली आहे. लांब मानेची मोठी ल्यूटं तेव्हा वाद्यवृंदात साथीला असत आणि ती सहसा नखांनी वाजवली जात. जवळून ऐकल्यावर तो आवाज खरखरीत लागतो, असं वाइस म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. दहा-पंधरा व्हायोलिनांतून वाट काढायची असेल तर ती धार लागेल. चार माणसांच्या माजघरात ती कानाला टोचते. मी नखं कापून टाकली.

आपल्याकडेही हा प्रश्न काही थोरांनी असाच सोडवलेला दिसतो. पनवेलजवळच्या पळस्पे इथे ज्यांचं ध्रुपद गुरुकुल आहे ते रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०). त्यांनी वीणेचे भोपळे मोठे करून घेतले, तारा जाड केल्या आणि उजव्या हातातली मिजराब, म्हणजे बोटात घालायची तारेची नखी, काढून ठेवली. त्यांच्या ध्वनिमुद्रणांतला आलाप ऐका. स्वर कुठे सुरू झाला ते कळत नाही, तो आधीपासून तिथे होता असं वाटतं. स्वराच्या तोंडाशी धातूचा टणत्कार नसला की काय होतं ते तिथे उघड ऐकू येतं.

इथे एक मजेची गोष्ट आहे. ल्यूटही आधी नखीनेच वाजायचं. पंधराव्या शतकापर्यंत पक्ष्याच्या पिसाच्या दांड्याने एका वेळी एक धून वाजवायची, अशी रीत होती. त्या शतकाच्या उत्तरार्धात वादकांना दोन-तीन सुरावटी एकदम वाजवायची ओढ लागली, आणि एका पिसाने ते होईना. त्यांनी पीस ठेवून दिलं आणि बोटं वापरायला घेतली. हाताची चाल मात्र पिसाचीच राहिली: कोपरापासूनचा पुढचा हात वरखाली हलायचा, अंगठा खाली मारायचा, तर्जनी वर. खालचा आघात भारी, वरचा हलका. सतारवाल्याला हे सांगावं लागत नाही, ती सतारीच्या भारी-हलक्या आघातांची, ‘दा’ आणि ‘रा’ची जोडीच आहे. व्हेनिसमध्ये १५०७ साली पेत्रुच्ची यांनी ल्यूटसंगीताचं पहिलं छापील पुस्तक काढलं, त्यात काही आकड्यांखाली एक टिंब आहे. टिंब असेल तर तर्जनीने वर, नसेल तर अंगठ्याने खाली. पाचशे वर्षांपूर्वीच्या पानावर ‘दा-रा’ लिहिलेलं पाहून मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

या जुन्या पद्धतीत अंगठा बोटांच्या आत, तळहाताकडे जातो. चिमटीतलं मीठ भुरभुरवताना अंगठा बोटांच्या आतून सरकतो, थोडीफार तशीच चाल. हात तारांना जवळजवळ समांतर असतो, त्यामुळे बोटाचं पेर तारेवर तिरकं, लांबट पडतं. स्पर्श रुंद, म्हणून आवाज मऊ आणि भरीव. पुढे १६०० च्या सुमारास ल्यूटला खर्जाच्या तारा वाढत गेल्या, जोड्या सहाच्या सात-आठ, मग दहा झाल्या. अंगठ्याला त्या लांबच्या तारांवर राहायचं काम आलं, मग त्याला आत दडून चालेना. तो बोटांच्या बाहेर, जाळीच्या दिशेने पसरला, आणि वरच्या तारांवरच्या जलद ताना तर्जनी आणि मध्यमा या दोघींकडे आल्या. हातही घोडीकडे सरकला. जाँ-बातिस्त बेझार यांनी १६०३ च्या ग्रंथात अंगठा बाहेर ठेवायचा सल्ला दिला. इंग्लंडचे ल्यूटवादक आणि रचनाकार जॉन डाउलंड आयुष्याच्या मध्यावर आतल्या अंगठ्याकडून बाहेरच्या अंगठ्याकडे वळले, अशी त्या काळातली नोंद आहे. बाहेरच्या अंगठ्याचा आवाज अधिक स्वच्छ आणि उजळ, असं तिथे म्हटलंय.

अमुक पद्धत बरोबर आणि तमुक चूक, असा आग्रह मला नको वाटतो. १५०७ चं संगीत मी अंगठा आत ठेवून वाजवते, डाउलंडच्या उत्तरकाळातलं बाहेर ठेवून. संगीत आणि हात एकमेकांसाठी घडलेले आहेत, वेगळे केले की दोन्ही रुसतात.

कोणतीही पद्धत घ्या, करंगळी तबलीवर टेकलेली असते. सतारीत अंगठा डांडीच्या कडेला रोवतो, तसाच हा आधार. पण तबली दीड मिलिमीटरची, म्हणून करंगळी दाबायची नाही, नुसती ठेवायची. जुन्या चित्रांतली ल्यूटं नीट पाहिली तर करंगळी टेकायच्या जागी कधी कधी काळपट डाग रंगवलेला दिसतो. वर्षानुवर्षांच्या घामाचा तो डाग पाहून हात नेमका कुठे असायचा ते अभ्यासकांना समजलं.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. तार मारायची नाही, ओढायची नाही, सोडायची. ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटेल, पण बोटाला त्यातला फरक नक्की कळतो. बोट हवेतून येऊन तारेवर आदळलं की दोन आवाज होतात, आदळल्याचा आणि सुटल्याचा. पहिला नकोसा. म्हणून बोट आधी तारेवर ठेवायचं. ल्यूटवर जोडी असते, म्हणून पेराखाली दोन्ही तारा वेगवेगळ्या जाणवेपर्यंत थांबायचं. मग बोटाचं वजन तबलीच्या दिशेने किंचित टेकवायचं, इतकं की जोडी एकत्र खाली झुकेल, आणि त्याच ओघात बोट पुढे निसटू द्यायचं.

तबलीच्या दिशेने का, तर तार कोणत्या दिशेने हलते याला महत्त्व आहे. तबलीला समांतर, आडवी हलणारी तार घोडीला फारसं हलवत नाही. आवाज बारीक येतो, पण टिकतो. तबलीकडे वरखाली हलणारी तार घोडीला चांगली हलवते. आवाज भरदार येतो, पण लवकर ओसरतो. चांगला वादक या दोन दिशांचं मिश्रण करत असतो. आकडी करून तार वर उचलली तर मात्र जोडीतली एकच तार सापडते, ती सुटून पडद्यावर आपटते आणि कर्रकन आवाज होतो. जोर लावून मारलं तरी तेच. एवढ्या कमी ताणाची तार जोराने ओढली तर क्षणभर चढी लागते आणि सूर बिघडतो. गिटारवरून किंवा सतारीवरून येणाऱ्या प्रत्येकाची पहिली चूक ही जोराचीच असते. मला मोठा आवाज मिळायला लागला तो जोर कमी केल्यावर, कारण तेव्हा कुठे दोन्ही तारा एकदम सुटायला लागल्या.

खर्जाच्या जोड्यांत आणखी एक गंमत आहे. तिथे एक तार जाड आणि तिच्या जोडीची बारीक, एक सप्तक वरची. अंगठा कोणत्या तारेकडे जास्त झुकतो यावर खर्ज गडद की उजळ ते ठरतं. हे मी अजून शिकते आहे.

आमच्या हवेबद्दल दोन शब्द. माझं घर रत्नागिरीत मांडवीजवळ. पावसाळ्यात आतड्याच्या तारा ओल पितात, सूर सोडतात, चार दिवसांत त्यांचे केस निघतात. म्हणून मी कृत्रिम तारा लावते. त्यांपैकी काही मिरकरवाड्याच्या बाजूला जाळी-गऱ्यांच्या दुकानातून आणलेल्या आहेत, कारण मासे गरवायची फ्लुरोकार्बनची तंगूस जगभरातले अनेक ल्यूटवादक तार म्हणून वापरतात. नायलॉनपेक्षा ती बरीच जड, म्हणून त्याच सुराला बारीक तार पुरते आणि आवाज उजळ लागतो. विकत घेताना हातभर तुकडा दोन्ही हातांत ताणून धरते आणि अंगठ्याने छेडते. मध्ये दोनच स्वच्छ रेषा दिसल्या तर तार सारख्या जाडीची, धुरकट तिसरी रेषा नाचली तर ती सुरात लागणार नाही. सोळाव्या शतकातल्या ल्यूटच्या पुस्तकांतही हीच परीक्षा आहे. दुकानदारकाकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, मासा तारेकडे बघतो, सुराकडे नाय.” आता मात्र ते स्वतःच तुकडा ताणून मला दाखवतात.

पण दमट हवेचा खरा त्रास तारेपेक्षा बोटाला होतो. ओलसर पेर तारेला चिकटतं, उशिरा सुटतं आणि सुटताना बारीक खरखर देतं. फार कोरडं, घट्टे पडलेलं पेर नखासारखं टकटकतं. मी बसण्याआधी हात कोमट पाण्याने धुते, पूर्ण कोरडे करते आणि पाच मिनिटं नुसती थांबते. सतारीला डाव्या बोटांना लावतो तसं खोबरेल उजव्या पेराला लावून पाहिलं होतं. तार वेळेआधीच निसटते, आवाज पोचट येतो. ते करू नका.

रियाजाला मी एक साधी गोष्ट रोज करते, ती नवशिक्यालाही करता येईल. एकच मोकळी जोडी घ्यायची. बोट ठेवायचं, थांबायचं, टेकायचं, सोडायचं, आणि आस पूर्ण संपेपर्यंत पुढचा स्वर वाजवायचा नाही. दहा वेळा घोडीपासून पंधरा सेंटिमीटरवर, दहा वेळा बारावर, दहा वेळा आठवर. मग अंगठा-तर्जनी, भारी-हलकं, भारी-हलकं, अगदी विलंबित. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून हे ध्वनिमुद्रित करावं. वाजवणाऱ्याला ल्यूट वरून ऐकू येतं, आणि तबलीचं तोंड समोरच्याकडे असतं, त्यामुळे आपल्याला गोड वाटलेला स्वर समोर बोथट पोचलेला असू शकतो. माझं तसंच व्हायचं. हात मी तेव्हा दोन बोटं घोडीकडे नेला, अजून तिथेच आहे.

सतार वाजवणाऱ्यांसाठी एक सोय सांगते. मिजराब तर्जनीला चढवायची असल्यामुळे त्या नखाची सतारीला गरज नसते. तर्जनीचं नख मांसाच्या आत राहील इतकं कापा, कड कानसेने घासा, आणि पेरावर अंगठा फिरवून पाहा. कुठे काही अडकलं तर तेच तारेलाही अडकणार आहे.